ऋषीच्या भाजीची तयारी जूनपासून

फोडणी नाही, कांदा-लसूण नाही, गोडा मसाला नाही, हळदसुद्धा नाही. हिरवी मिरची, मीठ, चिंच आणि ओलं खोबरं, संपलं. ऋषिपंचमीच्या भाजीत चवीचं सामान एवढंच असतं, त्यामुळे बिघडलेलं झाकायला काही हाताशी उरत नाही. चार दिवसांची भेंडी मसाल्यात खपून जाते, जून गवार दाण्याच्या कुटात खपते. इथे काहीच खपत नाही. भाज्या त्याच दिवशी तोडलेल्या असतील तर भोपळ्याचा गोडवा, माठाच्या देठातला रस आणि अळूचा दाटपणा वेगवेगळा कळतो. नसतील तर हाती येतो तो पाणचट लगदा. या भाजीला ‘पथ्याचं जेवण’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी बहुधा तोच खाल्लेला असतो. मंडईत आदल्या दिवशी मिळणारे चिरलेल्या भाज्यांचे वाटे हे त्याचं मुख्य कारण. चिरलेला भोपळा आणि पडवळ रात्रभर पिशवीत पाणी सोडतात, भेंडी काळी पडते आणि सकाळी पातेल्यात जातं ते सगळं आधीच दमलेलं असतं.

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचं अन्न खायचं नाही असा हा नियम. नांगराखालच्या शेतातलं वर्ज्य. मग उरतं ते कुदळीने, खुरप्याने, हाताने पिकवलेलं: परसातला अळू, कुंपणावरचं शिराळं (दोडका), गोठ्याच्या छपरावर चढलेला भोपळा. भाताऐवजी वऱ्याचे तांदूळ. व्रताच्या कहाणीत बाईच्या विटाळाचा जो भाग आहे तो मागे पडतोय, ते बरंच आहे. भाजी मात्र टिकली, कारण ती चांगली लागते. (आता शेतं ट्रॅक्टरने नांगरली जातात. अक्षरशः पाहिलं तर बाजारातली जवळजवळ प्रत्येक भाजी नियमात बसते. पण नियमाचा फायदा घ्यायचा असेल तर तो असा घेऊ नये.)

गॅलरीत चार कुंड्यांची जागा असणाऱ्याने काय लावावं आणि काय बाजारातून आणावं, याचं उत्तर याच भाजीत सापडतं. जे टिकत नाही ते घरी लावा, जे टिकतं ते विकत आणा. लाल भोपळा पिकलेला आणि देठासकट असेल तर महिनोन्‌महिने टिकतो. सुरण तर काढल्यावर काही दिवस ठेवलेलाच बरा. शिवाय भाद्रपदात तो जमिनीखाली अजून पोसत असतो. उन्हाळ्यात लावलेला सुरण खणून काढायची वेळ पान पिवळं पडून कोसळल्यावर, दिवाळीच्या पुढे. म्हणजे पंचमीला सुरण बाजाराचाच. पण अळूचं पान तोडल्यावर तासाभरात मान टाकतं, लाल माठ दुपारपर्यंत लोळागोळा होतो आणि मक्याच्या कणसातली साखर तोडल्या क्षणापासून पिठात बदलू लागते. जागा थोडी असेल तर ती अळू, माठ आणि मिरचीला द्यावी. भोपळ्याच्या वेलाने अख्खी गच्ची अडवून एक फळ मिळवण्यात फारसा शहाणपणा नाही. त्याची फुलं आणि कोवळे शेंडे खायचे असतील तर गोष्ट वेगळी.

लावायचं कधी, हे पंचांग उघडून ठरवावं लागतं. ऋषिपंचमी 2020 मध्ये 23 ऑगस्टला होती आणि 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 20 सप्टेंबरला. चार आठवड्यांचा फरक. पाऊस काही अधिक महिना पाळत नाही, त्यामुळे ‘दरवर्षी मृगाला बी टाकतो’ हा हिशेब एखाद्या वर्षी चुकतो आणि पंचमीला भेंडीचं झाड थकलेलं, पानं पिवळी पडलेली असतात. तिथीपासून उलटं मोजावं. भेंडी, शिराळं आणि पडवळ साधारण 60 दिवस आधी, म्हणजे 2020 च्या तिथीला 24 जून आणि 2023 च्या तिथीला 22 जुलै. काकडी 50 दिवस आधी, मका 70 ते 75. मिरचीचं रोप मात्र मे महिन्यातच तयार हवं. माठ दोन वेळा पेरावा: जाड देठांसाठी 50 दिवस आधी आणि पानांसाठी 25 दिवस आधी. एकाच पेरणीतून दोन्ही मिळवायला गेलं की देठ जाड होईपर्यंत पानं राठ होतात.

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसात बी थेट जमिनीत टाकलं की निम्मं कुजतं. वेलांचं बी छोट्या पिशव्यांत, वळचणीखाली किंवा गॅलरीच्या आत रुजवावं आणि दोन-तीन खरी पानं आली की मुळांची माती न फोडता लावावं. माठाचं बी खसखशीएवढं. ते चौपट कोरड्या वाळूत मिसळून ओळीत पेरलं तर दाटी होत नाही. पेरल्यावर उगवलंच नाही, तर दोष बियाण्याला देण्याआधी मुंग्यांची रांग शोधावी, बी त्यांनी नेलेलं असतं. वर पातळ मातीचा थर आणि कडेने राखेची रेघ, पाऊस लागत नाही अशा जागी, एवढं पुरतं. एका वेलाला 15 इंच रुंद आणि तेवढीच खोल कुंडी किंवा पिशवी लागते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. पावसाचं पाणी कुंडीतून सतत वाहून जातं आणि खताचा कस घेऊन जातं, म्हणून दर पंधरवड्याला वरून मूठभर शेणखत टाकत राहावं. वेल हिरवागार आहे पण फळ नाही, असं असेल तर उलट खत थांबवावं.

‘फुलं येतात आणि गळून जातात’ ही वेलांची सर्वांत मोठी तक्रार. त्यातली अर्धी तक्रार अवेळी केलेली असते. काकडी, भोपळा, शिराळं, पडवळ या सगळ्यांना आधी नरफुलं येतात आणि ती गळायचीच असतात. मादीफूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागे बोटभर किंवा त्याहून लहान फळ तयारच असतं. ते फळ पिवळं पडून गळत असेल तरच समजावं की परागीभवन झालं नाही. पावसाच्या झडीत मधमाश्या फिरत नाहीत, आठव्या मजल्यावर तर बऱ्याचदा पोचतच नाहीत. मग आपल्यालाच हात लावावा लागतो, आणि इथे वेळ महत्त्वाची. भोपळा आणि काकडीची फुलं सकाळी उमलतात, त्यांचं काम नऊच्या आत उरकावं. शिराळ्याची पिवळी फुलं संध्याकाळी पाचनंतर उघडतात. पडवळाची पांढरी, झालर लावल्यासारखी फुलं तर अंधार पडताना. सकाळी कपबशी हातात घेऊन शिराळ्याच्या वेलाशी उभं राहिलं तर मिटलेल्या कळ्यांशी झटापट होते, फळ धरत नाही. नरफूल तोडून पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पिवळा परागाचा भाग मादीफुलाच्या मध्यावर अलगद फिरवायचा. एका मादीफुलाला दोन नरफुलं वापरली तर फळ सरळ आणि भरीव होतं. एका बाजूने बारीक, वाकडी काकडी ही अर्धवट परागीभवनाची खूण आहे, कीड असेलच असं नाही.

किडीची वाकडी वेगळी दिसते. फळमाशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते; टोचल्या जागी डिंकाचा थेंब, मग खळगी, मग पिवळेपणा. असं फळ वेलावर ठेवून ‘सुधारेल’ म्हणून वाट पाहू नये आणि कुंडीतल्या खतातही टाकू नये. आतल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुढची पिढी तिथूनच निघते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवलं की त्या मरतात. फळ बोटाएवढं असतानाच त्याला जुन्या मलमलीची सैल पिशवी घालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. सापळा लावायचा तर वेलवर्गाच्या माशीसाठी क्यू-ल्यूर या आमिषाच्या गंधाचा हवा. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा सापळा दुसऱ्या जातीच्या माश्या ओढतो, इथे त्याचा उपयोग नाही. शंखी गोगलगाईंना मात्र सापळ्याबिपळ्याची गरज नसते. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवावं, सकाळी त्याच्याखाली त्या जमलेल्या सापडतात, उचलून मिठाच्या पाण्यात.

मक्याबद्दल एवढंच की तो एकाच ओळीत लावू नये. त्याचे पराग वाऱ्याने पडतात, म्हणून तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ झाडं चौकोनात लावली तर कणसं भरतात. कठड्याला लागून एका रांगेत लावलेल्या मक्याची कणसं बोळकी निघतात.

आता अळू. या भाजीचा जीव त्याच्यात आहे आणि जास्तीत जास्त चुकाही त्याच्यातच होतात. वड्यांना काळपट देठाचा आणि जाड पानांचा अळू घेतात, भाजीला हिरव्या-पांढुरक्या देठाचा. भाजीत काळ्या देठाचाही चालतो, पण अधिक शिजवावा लागतो. शोभेची म्हणून कुंडीत लावलेली रंगीत ठिपक्यांची अळूसारखी पानं खायची नसतात, आणि ओढ्याकाठी आपोआप उगवलेलं ओळखीचं नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. कंद बाजारातल्या अळकुड्यांतलाच कोंब फुटलेला निवडून लावला तरी झाड येतं. बादलीत लावलं तर तळाला भोक एखादंच ठेवावं, अळूला पाय ओले आवडतात. पूर्वी तो मोरीच्या सांडपाण्यावर वाढायचा कारण त्या पाण्यात राख आणि शिकेकाई असायची. आजच्या धुण्याच्या पावडरीचं पाणी त्याला देऊ नये. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी मात्र उत्तम.

अळू खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. ते जिभेत आणि घशात टोचतात. पान जितकं जून आणि पाण्यावाचून तडफडलेलं, तितका खाजण्याचा संभव जास्त, असा बायकांचा जुना अनुभव आहे. म्हणून बाहेरच्या राठ पानांना हात न लावता, मधल्या नव्या गुंडाळीला धक्का न लावता, दुसरं-तिसरं पान देठासकट कापावं. धुऊन पूर्ण कोरडं करावं आणि कोरड्या किंवा तेल लावलेल्या हातांनी चिरावं, ओल्या हातांना अधिक खाजतं. देठाची साल टोकाकडून ओढली की दोऱ्यासारखी निघून येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अळू ही पालेभाजी आहे असं समजून तो माठाच्या पानांबरोबर शेवटी टाकू नये. पाच मिनिटांत मऊ दिसतो, पण मऊ दिसणं आणि शिजणं यात फरक आहे. चौघांच्या घशाला खाज सुटते आणि खापर सुरणावर फुटतं.

पाच-सहा माणसांसाठी अळूची आठ मध्यम पानं देठांसह, 150 ग्रॅम सुरण, 250 ग्रॅम लाल भोपळा सालीसकट, दोन कणसं, माठाची एक जुडी (देठ आणि पानं वेगळी), एक शिराळं, एक कोवळं पडवळ, आठ भेंड्या, अर्धं तवसं (मोठी पावसाळी काकडी), पाच हिरव्या मिरच्या, लिंबाएवढी चिंच आणि एक वाटी खवलेलं खोबरं. कोकणात चिंचेच्या जागी किंवा जोडीला ठेचलेले आंबाडे (आंबट फळं) टाकतात, ते मिळाले तर सोडू नयेत. शेंगदाणे घालावेत की नाही यावर घराघरांत वाद आहे. घालायचे तर ओल्या शेंगांतले मूठभर.

तोडणी सकाळी, आणि कणसं सर्वांत शेवटी, पातेलं चुलीवर चढल्यावर तोडली तरी चालतील. भेंडीचं टोक वाकवल्यावर कट्‌ असा आवाज करून तुटलं पाहिजे. नुसतंच वाकलं तर ती भाजीत दोरखंडासारखी लागते. पडवळात नख सहज रुतलं पाहिजे. सुरण सोलून इंचभर तुकडे करून थोड्या चिंचेच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवावा आणि धुऊन घ्यावा. भोपळ्याचे तुकडे दीड इंचाचे, मोठे वाटतील एवढे. लहान केले तर तो विरघळतो आणि सगळी भाजी गुळचट होते.

जाड बुडाच्या पातेल्यात दीड वाटी पाणी उकळावं. त्यात आधी चिरलेला अळू, त्याचे देठ, सुरण, कणसाचे तुकडे, माठाचे जाड देठ आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या. झाकण ठेवून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं. या वेळात अळू मोडून त्याचंच दाटसर पाणी झालेलं दिसलं पाहिजे. या भाजीला बेसन लावत नाहीत, तिचा रस्सा अळूचाच असतो. मग भोपळा आणि मीठ घालून पाच मिनिटं, मग शिराळं, पडवळ आणि तवसं घालून आणखी सहा-सात. इथे पाणी कमी वाटतं आणि हात आपोआप तांब्याकडे जातो. थांबावं. मीठ पडल्यावर शिराळं आणि तवसं स्वतःचंच पाणी सोडतात. वरून घातलेलं पाणी नंतर आटवत बसावं लागतं आणि तोवर भोपळा फुटतो.

चिंचेचा कोळ आत्ता, आधी नाही. आंबटात भाज्या लवकर मऊ पडत नाहीत. सुरुवातीलाच कोळ घातला तर सुरण आणि देठ अर्धा तास उकळूनही दाताखाली कचकचतात. कोळाबरोबरच भेंडी टाकावी: आंबटाने तिची तार कमी होते आणि ती अख्खी राहते. पाच मिनिटं झाकण न ठेवता उकळू द्यावं. अळूला आंबटाचा हा एवढा सहवास लागतोच. मग माठाची पानं. त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि पातेलं गुलाबी होतं. आधी घातली असती तर शेवटी सगळंच विटकरी दिसलं असतं. दोन मिनिटांनी खोबरं, एक उकळी, बंद. मधे डाव घालून घोटू नये, पातेलं दोन्ही कानांना धरून हिसडावं. कुकरच्या वाटेला तर जाऊच नये. तीन शिट्ट्यांत सगळ्या भाज्यांची एकच चव होते.

पंचमीलाच ही भाजी का करायची, हे मात्र कळत नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत परसात हेच सगळं असतं, आणि सगळ्या भाज्या जमायची वाट पाहायची गरज नाही. चार पुरतात, पण त्या चार कामाच्या असाव्यात: दाटपणाला अळू, गोडीला भोपळा किंवा कणीस, रसाला शिराळं, पडवळ किंवा काकडी यांपैकी एक, आणि दाताला काही हवं म्हणून सुरण किंवा माठाचे देठ. बुधवारच्या रात्री भाकरीबरोबर अर्ध्या तासात होते. रोजच्या जेवणात तेल वर्ज्य नाही, वरून चमचाभर तूप सोडायला कोणाची हरकत नसावी. गोव्याचं चतुर्थीचं खतखतं याच कुळातलं, पण त्यात तूरडाळ आणि तेफळं येतात आणि चव अगदी दुसरीकडे जाते.

या भाजीतून उरलेलंही बरंच कामाचं असतं. शिराळ्याच्या शिरा सोलून निघाल्या तर त्या थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं आणि मिरचीबरोबर चटणी. अळूचे देठ जास्त झाले तर चिंच घालून पूर्ण उकडून, पिळून, दह्यात कालवून देठी. तयार भाजी मात्र उरवू नये. ओलं खोबरं आणि पाणचट भाज्या, वर तेल-मसाला नाही, भाद्रपदाच्या दमट हवेत ती रात्रीपर्यंत आंबते. फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी भेंडी बुळबुळीत.

आणि पंचमीच्या गडबडीत वेलावरची सगळी फळं तोडू नयेत. गावठी जातीचं एक चांगलं शिराळं आणि दोन भेंड्या पहिल्या बहरातल्याच ओळखून दोरा बांधून ठेवाव्यात. शेवटच्या फेरीतली उरलीसुरली, वेडीवाकडी फळं बियाण्याला ठेवली तर पुढच्या वर्षी तशीच मिळतात. शिराळं वेलावरच तपकिरी होऊन वाजू लागलं की टोकाकडची टोपी काढून बी झटकून घ्यावं, आठवडाभर सावलीत वाळवावं आणि राखेत घोळवून काचेच्या बाटलीत भरावं. पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेलं असेल तर हा खटाटोप करू नये, त्याचं बी पुढच्या वर्षी आईबापांवर जात नाही.